दुसरा केव्हा आला? न्यायाधीश विल्यम हेस्टी यांच्या नेमणुकीचा इतिहास

१/
२१ ऑक्टोबर १९४९. अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी विल्यम हेन्री हेस्टी यांची तिसऱ्या सर्किटच्या संघीय अपील न्यायालयावर नेमणूक केली. त्या दर्जाच्या न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश. इतिहासाच्या पुस्तकांत हेस्टी बहुधा याच एका वाक्यापुरते येतात. वाक्य खरे आहे, पण त्यातून होणारा बोध अपुरा आहे. दार उघडले आणि प्रगतीचा रथ पुढे सरकला, असा समज त्याने होतो. प्रत्यक्षात काय घडले, हे सांगण्यासाठी हा थ्रेड.

२/
या थ्रेडचे प्रतिपादन थोडक्यात असे : एखाद्या व्यवस्थेने आपले दार खरोखर उघडले की नाही, हे तिथे शिरलेल्या पहिल्या माणसावरून ठरत नाही. दुसरा माणूस केव्हा आला, यावरून ते ठरते. हेस्टी यांच्यानंतर संघीय अपील न्यायालयात दुसरा कृष्णवर्णीय न्यायाधीश बसायला बारा वर्षे लागली. ही बारा वर्षे समजून घ्यायची, तर आधी हेस्टी यांची कारकीर्द आणि त्या नेमणुकीची रीत पाहिली पाहिजे.

३/
प्रथम न्यायालयाची ओळख. अमेरिकेत राज्यांची न्यायालये वेगळी आणि संघराज्याची वेगळी. संघराज्याच्या न्यायव्यवस्थेत तीन पायऱ्या आहेत : खाली जिल्हा न्यायालये, मध्ये अपील न्यायालये, वर सर्वोच्च न्यायालय. अपील न्यायालयांची कार्यक्षेत्रे म्हणजे ‘सर्किट’. तिसऱ्या सर्किटमध्ये पेनसिल्व्हेनिया, न्यू जर्सी व डेलावेअर ही राज्ये आणि कॅरिबियन समुद्रातील व्हर्जिन बेटे येतात. तिथे बहुतेक अपिले तीन न्यायाधीशांच्या पीठापुढे चालतात.

४/
सर्वोच्च न्यायालय फार थोडी प्रकरणे हाती घेते. त्यामुळे बहुसंख्य संघीय खटल्यांत अपील न्यायालयाचा शब्द हाच अखेरचा ठरतो. येथील न्यायाधीशाचे नाव अध्यक्ष सुचवतात आणि सिनेटची संमती मिळाली की नेमणूक पक्की होते. त्यानंतर महाभियोगाखेरीज त्याला कोणी हटवू शकत नाही. निवृत्तीचे सक्तीचे वय नाही. म्हणूनच त्या खुर्चीवर कोण बसतो, हा प्रश्न अमेरिकेत नेहमीच राजकारणाचा राहिला आहे.

५/
हेस्टी यांचा जन्म १७ नोव्हेंबर १९०४ रोजी टेनेसी राज्यातील नॉक्सव्हिल येथे झाला. वडील सरकारी कारकून, आई शिक्षिका. पुढे कुटुंब वॉशिंग्टनला आले. तेथील डनबार हायस्कूल ही केवळ कृष्णवर्णीय मुलांची शाळा होती, पण तिचा दर्जा अव्वल होता. हेस्टी तिथे वर्गात पहिले आले. १९२५ साली ॲमहर्स्ट महाविद्यालयातून पदवी घेतानाही पहिलेच. दोन वर्षे शिक्षकाची नोकरी करून ते हार्वर्डच्या विधी विद्यालयात दाखल झाले.

६/
हार्वर्डमध्ये अत्यंत हुशार विद्यार्थ्यांनाच ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ या नियतकालिकाच्या संपादक मंडळात स्थान मिळे. त्यात स्थान मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय होते चार्ल्स ह्यूस्टन, दुसरे हेस्टी. दोघे नात्याने भाऊबंद. १९३० साली पदवी घेऊन हेस्टी वॉशिंग्टनला परतले, ह्यूस्टन पितापुत्रांच्या वकिली कार्यालयात रुजू झाले आणि हॉवर्ड विद्यापीठात कायदा शिकवू लागले. त्यांच्या विद्यार्थ्यांत थर्गुड मार्शल नावाचा एक तरुण होता. हे नाव पुढे पुन्हा येईल.

७/
१९३३ साली थॉमस होकट या तरुणाला नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात औषधनिर्माणशास्त्र शिकायचे होते. वर्णामुळे त्याला प्रवेश नाकारला गेला. हेस्टी त्याच्या बाजूने उभे राहिले. दावा हरला. होकट ज्या कृष्णवर्णीय महाविद्यालयात शिकला होता, त्याच्या प्रमुखांनीच गुणपत्रक देण्यास नकार दिला आणि त्या उणिवेवर दावा अडला. ज्यांच्यासाठी लढायचे त्यांच्यातही भीती किती खोल रुजलेली असते, याचा हा धडा हेस्टी यांना अठ्ठाविसाव्या वर्षी मिळाला.

८/
त्याच वर्षी ते रूझवेल्ट यांच्या प्रशासनात इंटिरियर खात्याचे सहायक विधी अधिकारी झाले. व्हर्जिन बेटांचा कारभार याच खात्याकडे होता. ही बेटे अमेरिकेने १९१७ साली डेन्मार्ककडून अडीच कोटी डॉलरना विकत घेतली होती. रहिवासी बहुसंख्येने कृष्णवर्णीय, पण मताधिकार मालमत्ता आणि उत्पन्न यांच्या अटींनी जखडलेला. १९३६ च्या कायद्याने त्या अटी दूर झाल्या. त्या कायद्याच्या मसुद्यात हेस्टी यांचा मोठा वाटा होता.

९/
१९३७ साली रूझवेल्ट यांनी त्यांना व्हर्जिन बेटांच्या जिल्हा न्यायालयात न्यायाधीश नेमले. संघराज्याच्या न्यायालयात बसणारे ते पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश ठरले. युटाचे सिनेटर विल्यम किंग यांनी या नेमणुकीला घोडचूक म्हटले. हार्वर्डचा गुणवंत, कायद्याचा अध्यापक आणि त्या बेटांच्या कायद्याचा जाणकार असलेल्या माणसाविषयी हे शब्द होते. त्याच्या पात्रतेत खोट काढणे अवघड होते. आक्षेपाचे मूळ अन्यत्र होते.

१०/
येथे दोन बाबी ध्यानात घ्याव्यात. मुख्य भूमीवरील जिल्हा न्यायाधीशाचे पद आजीवन होते. बेटांवरील पदाची मुदत फक्त चार वर्षांची होती. आणि या न्यायाधीशासमोर उभे राहणारे पक्षकार बहुतांशी कृष्णवर्णीयच असणार होते. गोऱ्या पक्षकारांचे भवितव्य कृष्णवर्णीय न्यायाधीशाच्या हाती देण्याचा प्रसंग वॉशिंग्टनने मोठ्या शिताफीने टाळला होता. सन्मान तर दिला, पण समुद्रापलीकडे.

११/
ही शंका अकारण नाही, हे पुढच्या घटनांनी दाखवले. हेस्टी यांनी १९३९ मध्ये ते पद सोडल्यावर तिथे हर्मन मूर हे कृष्णवर्णीय न्यायाधीश आले आणि १९५७ पर्यंत राहिले. त्यांच्यानंतर आलेले वॉल्टर गॉर्डनही कृष्णवर्णीयच. बेटांवर ‘दुसरा’ लगेच आला, ‘तिसरा’ही आला. याच काळात मुख्य भूमीवर मात्र आजीवन मुदतीचा एकही कृष्णवर्णीय जिल्हा न्यायाधीश नव्हता. दार बेटांवर उघडे होते आणि मुख्य भूमीवर बंद.

१२/
हेस्टी यांनी न्यायाधीशपद सोडले ते हॉवर्डच्या विधी विद्यालयाचे अधिष्ठाते होण्यासाठी. वर्णभेदाविरुद्ध लढणारे वकील ज्या मोजक्या संस्थांतून घडत होते, त्यांत ही संस्था अग्रभागी होती. मानाची खुर्ची सोडून ते अध्यापनाकडे आणि वकिलीकडे वळले. पदापेक्षा काम मोठे मानणाऱ्या या माणसाचा हा पहिला राजीनामा. दुसरा याहून गाजला. पण त्याआधी एका अपील न्यायालयातली हकीकत.

१३/
व्हर्जिनियातील नॉरफोक शहरात कृष्णवर्णीय शिक्षकांना त्याच कामासाठी गोऱ्या शिक्षकांपेक्षा कमी पगार मिळे. मेल्विन ऑल्स्टन या शिक्षकाने दावा लावला. वकील होते मार्शल आणि हेस्टी. जिल्हा न्यायालयाने दावा फेटाळला. १९४० साली चौथ्या सर्किटच्या अपील न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि वर्णावर आधारलेली वेतनश्रेणी घटनाबाह्य ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालण्यास नकार दिला. म्हणजे अपील न्यायालयाचाच शब्द कायम झाला.

१४/
हा निकाल लिहिणारे न्यायाधीश होते जॉन पार्कर. दहा वर्षांपूर्वी याच पार्कर यांचे नाव सर्वोच्च न्यायालयासाठी पुढे आले, तेव्हा कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने त्यांना कडाडून विरोध केला होता आणि सिनेटने ते नाव ३९ विरुद्ध ४१ मतांनी फेटाळले होते. मधल्या पायरीवरच्या न्यायालयात केवढी शक्ती असते आणि तिथला न्यायाधीश कसा अनपेक्षित ठरू शकतो, हे हेस्टी यांनी वकिलाच्या जागेवरून पाहिले होते.

१५/
१९४० च्या शरद ऋतूत अध्यक्षीय निवडणूक तोंडावर आली होती. सैन्यातील वर्णविभाजनावरून कृष्णवर्णीय मतदार नाराज होते. मतदानापूर्वीच्या त्या दिवसांत बेंजामिन डेव्हिस या कृष्णवर्णीय अधिकाऱ्याला ब्रिगेडियर जनरलची बढती मिळाली आणि हेस्टी यांची युद्धमंत्री हेन्री स्टिमसन यांचे मुलकी सल्लागार म्हणून निवड झाली. पद मोठे, अधिकार तुटपुंजे. निवडणुकीच्या तोंडावर मिळालेल्या पदाचे मोल काय असते, हे हेस्टी यांना लवकरच उमगले.

१६/
१९४१ साली त्यांनी सैन्यातील वर्णविभाजनावर सविस्तर अहवाल सादर केला. वेगळ्या तुकड्या, वेगळी निवासस्थाने आणि दुय्यम कामे यांमुळे सैनिकांचे मनोधैर्य खचते आणि लढण्याची ताकदही वाया जाते, असे त्यांचे म्हणणे होते. लष्करप्रमुख जॉर्ज मार्शल यांनी डिसेंबरच्या सुरुवातीला दिलेल्या उत्तराचा आशय असा की, देशाचे जुने सामाजिक प्रश्न सोडवणे हे सैन्याचे काम नव्हे. त्यानंतर थोड्याच दिवसांनी पर्ल हार्बरवर बाँब पडले.

१७/
हवाई दलाने कृष्णवर्णीय वैमानिकांसाठी टस्कीगी येथे वेगळे प्रशिक्षण केंद्र काढले. आज ते वैमानिक अमेरिकेचे अभिमानस्थान आहेत. हेस्टी यांचा विरोध वैमानिकांना नव्हता; वेगळेपणाला होता. हवाई दल आपल्या धोरणातून मागे हटेना आणि निर्णय सल्लागाराला डावलून होऊ लागले, तेव्हा जानेवारी १९४३ मध्ये, ऐन युद्धकाळात, त्यांनी राजीनामा दिला आणि त्याची कारणे जाहीरपणे मांडली. त्याच वर्षी एनएएसीपीने त्यांना स्पिंगार्न पदक देऊन गौरवले.

१८/
राजीनाम्यानंतर ते पुन्हा न्यायालयात उभे राहिले. टेक्सासमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार निवडीत फक्त गोऱ्यांना मत देता येई. तिथे याच पक्षाचा उमेदवार हमखास निवडून येत असल्याने खरी निवडणूक तीच होती. ह्यूस्टन शहरातील दंतवैद्य लॉनी स्मिथ यांच्या बाजूने मार्शल व हेस्टी यांनी युक्तिवाद केला. ३ एप्रिल १९४४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ही प्रथा रद्द केली. दक्षिणेतील मताधिकाराच्या लढ्यात हा निकाल मैलाचा दगड मानला जातो.

१९/
त्याच वर्षी व्हर्जिनियात आयरिन मॉर्गन यांनी आंतरराज्य बसमधील आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडण्यास नकार दिला आणि त्यांना अटक झाली. मार्च १९४६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात त्यांची बाजू मांडली हेस्टी व मार्शल यांनीच. जूनमध्ये निकाल बाजूने लागला, तेव्हा हेस्टी वकील राहिले नव्हते. ट्रुमन यांनी त्यांना व्हर्जिन बेटांचे गव्हर्नर नेमले होते. ते तेथील पहिले कृष्णवर्णीय गव्हर्नर. मान पुन्हा मोठा होता आणि जागा पुन्हा तीच, समुद्रापलीकडची.

२०/
आता १९४८ ची निवडणूक. ट्रुमन हरणार, असे जवळजवळ सर्वांनी धरून ठेवले होते. सैन्यातील वर्णविभाजन संपवण्याच्या दिशेने त्यांनी जुलैमध्ये आदेश काढला होता आणि नागरी हक्कांच्या प्रश्नावरून दक्षिणेतील नेते फुटले होते. दुसरीकडे हेन्री वॉलेस कृष्णवर्णीय मतदारांना आपल्याकडे ओढत होते. अशा वेळी हेस्टी बेटांवरून मुख्य भूमीवर आले आणि ट्रुमन यांच्यासाठी प्रचाराला उतरले. ट्रुमन जिंकले. ओहायोत त्यांचे मताधिक्य साडेसात हजारांहूनही कमी होते. अशा ठिकाणी कृष्णवर्णीय मतांचे वजन कोणालाही कळण्यासारखे होते.

२१/
१९४९ च्या कायद्याने तिसऱ्या सर्किटमध्ये एक नवे न्यायाधीशपद निर्माण झाले. ट्रुमन यांनी ऑक्टोबरच्या मध्याला त्यासाठी हेस्टी यांचे नाव सिनेटकडे पाठवले. १९ ऑक्टोबरला अधिवेशन संपले. संमती झालीच नव्हती. दोनच दिवसांनी ट्रुमन यांनी घटनेतील वेगळा अधिकार वापरला. सिनेट विसर्जित असताना अध्यक्ष रिकामी जागा तात्पुरती भरू शकतात. अशा नेमणुकीला पुढील अधिवेशनात संमती मिळाली नाही, तर त्या अधिवेशनाच्या अखेरीस ती आपोआप संपते.

२२/
म्हणजे हेस्टी न्यायासनावर बसले ते डोक्यावर टांगती तलवार घेऊनच. पक्षकारांपुढे निवाडे द्यायचे आणि त्याच वेळी आपले स्वतःचे प्रकरण सिनेटपुढे प्रलंबित. जानेवारी १९५० मध्ये त्यांचे नाव पुन्हा पाठवले गेले. तो काळ संशयाचा होता. फेब्रुवारीत सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी परराष्ट्र खात्यात कम्युनिस्ट असल्याचा आरोप केला आणि देशभर वातावरण तापले. हेस्टी यांच्यावरही डाव्या संघटनांशी लागेबांधे असल्याचे आक्षेप घेतले गेले. नागरी हक्कांसाठी केलेले कामच आता त्यांच्याविरुद्ध पुरावा ठरू पाहत होते.

२३/
याच प्रतीक्षेत २२ एप्रिल १९५० रोजी चार्ल्स ह्यूस्टन गेले. वय अवघे ५४. वर्णविभाजनाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्याची आखणी ज्यांनी केली, त्यांना ना त्या लढ्याचा शेवट दिसला, ना भावाच्या नेमणुकीवरची अंतिम मोहोर. जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने टेक्सास आणि ओक्लाहोमा येथील विद्यापीठांतील वर्णविभाजनाविरुद्ध निकाल दिले. अखेर १९ जुलै रोजी सिनेटने हेस्टी यांना संमती दिली. तात्पुरत्या नेमणुकीपासून जवळजवळ नऊ महिने उलटले होते.

२४/
ट्रुमन यांच्या वाट्याचे श्रेय त्यांना द्यायलाच हवे. सिनेटची वाट न पाहता नेमणूक करणे आणि जानेवारीत तेच नाव पुन्हा पुढे करणे, याला राजकीय धैर्य लागते. पण ही नेमणूक दान नव्हती. तिच्यामागे दोन दशकांची सिद्ध झालेली गुणवत्ता होती, शिवाय निवडणुकीतील ऋणही होते. पूर्वी जे पद गुणवत्तेने मिळायला हवे होते, ते मिळायला राजकीय उपयुक्ततेची जोड लागली. गोऱ्या उमेदवारांनाही वशिला लागे, हे खरे. पण एवढ्या सिद्धतेनंतर नव्हे.

२५/
आता ‘दुसऱ्या’चा प्रश्न. ट्रुमन यांनी अपील न्यायालयात आणखी एकही कृष्णवर्णीय न्यायाधीश नेमला नाही. आयझेनहॉवर यांच्या आठ वर्षांत एकही नाही. १९६१ साली केनेडी यांनी थर्गुड मार्शल यांना दुसऱ्या सर्किटवर नेमले. तीही सिनेट विसर्जित असतानाची तात्पुरती नेमणूक. संमती मिळाली सप्टेंबर १९६२ मध्ये, ५४ विरुद्ध १६ मतांनी. शिक्षकाला जी वाट चालावी लागली, तीच वाट बारा वर्षांनी विद्यार्थ्यालाही. वाट मात्र रुंद झाली नव्हती.

२६/
खालच्या पायरीची कथा अधिक बोलकी आहे. मुख्य भूमीवर आजीवन मुदतीचे पहिले कृष्णवर्णीय जिल्हा न्यायाधीश जेम्स पार्सन्स. त्यांची इलिनॉयमध्ये नेमणूक झाली १९६१ साली. म्हणजे एक कृष्णवर्णीय न्यायाधीश अपील न्यायालयात बसून खालच्या न्यायालयांचे निकाल तपासत होता आणि त्याच्या हाताखालच्या पायरीवर बारा वर्षे त्याच्यासारखा कोणीही नव्हता. अपवाद फक्त बेटांचा. एक माणूस वर नेऊन ठेवला म्हणजे जिना बांधला गेला असे होत नाही.

२७/
यावर नेहमीचा बचाव असा की, पात्र उमेदवारच नव्हते. इतिहास तो मान्य करत नाही. मार्शल स्वतः सर्वोच्च न्यायालयात खटल्यामागून खटला जिंकत होते. फिलाडेल्फियात हार्वर्डचे पदवीधर रेमंड पेस अलेक्झांडर नामांकित वकील होते. पुढे ते तेथील स्थानिक न्यायालयात न्यायाधीश झाले. न्यूयॉर्क शहरात येल विद्यापीठात शिकलेल्या जेन बोलिन १९३९ पासून न्यायासनावर होत्या. माणसे होती. त्यांच्याकडे पाहण्याची तयारी नव्हती. एकाची नेमणूक दाखवून इतरांची मागणी थोपवता येते, हा ‘पहिल्या’चा आणखी एक उपयोग.

२८/
हेस्टी यांच्या बाजूनेही किंमत मोजली गेली. १९५४ साली शाळांतील वर्णविभाजन रद्द करणारा ब्राऊन खटल्याचा निकाल लागला, तेव्हा विजयी वकिलांच्या रांगेत ते नव्हते. न्यायाधीशाला ती मुभा नसते. ज्या चळवळीचा पाया त्यांनी घातला, तिच्या कळसाकडे त्यांना दुरून पाहावे लागले. न्यायासनावर त्यांची ख्याती संयमी, काटेकोर आणि पूर्वनिर्णयांचा मान राखणाऱ्या न्यायाधीशाची झाली. चळवळीतला वकील न्यायाधीश झाला की पक्षपात करील, ही भीती त्यांनी आपल्या कामाने निराधार ठरवली.

२९/
आणि हाच संयम पुढे आड आला. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयातील एका जागेसाठी केनेडी प्रशासनात त्यांच्या नावाचा विचार झाला. रॉबर्ट केनेडी यांच्या आठवणींनुसार, सरन्यायाधीश अर्ल वॉरन यांना हेस्टी पुरेसे उदारमतवादी वाटले नाहीत. कृष्णवर्णीय उमेदवाराचा राजकीय धोकाही तोलला गेला. जागा बायरन व्हाईट यांना मिळाली. १९५० साली ज्यांच्यावर डावेपणाचा ठपका आला, तेच बारा वर्षांनी फार सनातनी ठरले. पहिल्या माणसाला दोन्ही बाजूंच्या तराजूत उभे राहावे लागते, ते असे.

३०/
१९६६ मध्ये वेड मॅक्री आणि स्पॉट्सवुड रॉबिन्सन अपील न्यायालयांत आले, तेव्हा कुठे क्रम सुरू झाल्यासारखा वाटला. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयात पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती बसले ते मार्शल. त्यांचे शिक्षक तेव्हा बासष्ट वर्षांचे होते. १९६८ ते १९७१ हेस्टी तिसऱ्या सर्किटचे मुख्य न्यायाधीश होते. उतारवयात काही तरुण कृष्णवर्णीय नेते स्वतःहून वेगळेपणा मागू लागले, तेव्हाही त्यांनी विरोधच केला. सैन्याला जे सांगितले होते, तेच त्यांनी आपल्या माणसांनाही सांगितले. १४ एप्रिल १९७६ रोजी ते निवर्तले.

३१/
फिलाडेल्फियातील तिसऱ्या सर्किटच्या ग्रंथालयाला आज हेस्टी यांचे नाव आहे. स्मारक योग्यच, पण इतिहासाच्या अभ्यासकाचे काम स्मारकापाशी संपत नाही. कोणत्याही देशात, कोणत्याही संस्थेत ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ असा शब्द भेटला की तीन प्रश्न विचारावेत. त्या व्यक्तीला तिथे पोहोचायला इतरांहून किती अधिक सिद्ध करावे लागले? पोहोचल्यावर काय सोडावे लागले? आणि दुसरा केव्हा आला? हेस्टी यांच्या बाबतीत तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर बारा वर्षे हे आहे. त्या नेमणुकीच्या गौरवासोबत हा आकडाही शिकवला गेला पाहिजे.